पहिली कुंडी कोणती आणावी: मनीप्लांट की स्नेक प्लांट?

फ्लॅटमध्ये पहिलंच झाड आणायचं ठरलं की बहुतेकांची गाडी या दोन नावांपाशी अडते. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या नर्सरीत विचारलंत तरी हीच दोन पुढे येतील. दोन्ही चिवट, दोन्ही खोलीतल्या उजेडात तगणारी. माझ्याकडे ती अनेक वर्षं एकाच टेबलावर आहेत. त्यांचे स्वभाव मात्र इतके वेगळे की एकाला मानवणारी काळजी दुसऱ्याच्या जिवावर उठते.

सगळ्यात मोठा फरक पाण्याचा. मनीप्लांट बोलतो. तहान लागली की पानं मलूल होऊन खाली लोंबतात, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ. नवख्या माणसाला एवढं स्पष्ट सांगणारं झाड दुसरं नाही. स्नेक प्लांट गप्प राहतो. पाणी जास्त झालं तर आधी खाली कंद सडतो, वर पानं हिरवीगार दिसत राहतात, आणि कळतं तेव्हा पान हातात आलेलं असतं. माझा पहिला स्नेक प्लांट असाच श्रावणात गेला. बशीत साचलेलं पाणी मी ओतून दिलं नव्हतं. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ते झाड दुर्लक्षानं नाही, मायेनं मेलं.

कारण त्यांच्या मुळात आहे. मनीप्लांट पॅसिफिक महासागरातल्या मूरिआ बेटाचा, दमट जंगलात झाडांवर चढणारा वेल. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. तो पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, म्हणून दिवसाच्या उन्हात त्याचं पाणी फारसं उडत नाही. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, तुम्ही आठ-दहा दिवस गावी गेलात तरी त्याला फरक पडत नाही. मनीप्लांटसाठी मात्र शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून जावं लागतं.

थंडीत दोघांनाही जपा. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते त्या दिवसांत बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. स्नेक प्लांटला तेव्हा महिन्यातून एकदा पाणी पुरतं.

उजेडाचं गणित आपल्या शहरात सोपं आहे. नाशिक साधारण २० अक्षांशावर असल्यानं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. ते कोवळं ऊन दोन्ही झाडांना आवडतं. पश्चिमेच्या खिडकीतलं उन्हाळी ऊन मनीप्लांटची पानं करपवतं. तिथे स्नेक प्लांटच ठेवा, तोही हळूहळू सवय लावून. अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही जगतात, पण मनीप्लांटच्या पानांवरचे पिवळे शिंतोडे फिके पडत जातात.

माती दोघांसाठी एकच नको. आपली काळी माती कुंडीत एकटी घातली तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. मनीप्लांटला तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा. स्नेक प्लांटला निम्मी तरी जाड वाळू हवीच.

आता आनंदाचं बोलू, कारण झाड आणायचं ते त्यासाठीच. मनीप्लांटचा आनंद रोजचा आहे. पावसाळ्यात सकाळी चहा घेऊन जवळ जावं तर कालची सुरळी आज उलगडून पान झालेली असते, पोपटी आणि अजून ओलसर. पेराखाली कापून फांदी काचेच्या बरणीत ठेवली की थोड्याच दिवसांत पांढरी मुळं फुटतात, आणि ती बरणी कुणाला तरी देता येते. माझ्या एका वेलाच्या फांद्या आज सिडकोपासून पंचवटीपर्यंत पाच घरांत आहेत. स्नेक प्लांट वर्षाला मोजकीच पानं देतो. पण मातीतून नवा कोंब टोकदार वर येताना दिसला की दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन बघावंसं वाटतं. पिवळ्या काठाचा असेल तर पान कापून लावू नका, नवं रोप नुसतं हिरवं निघतं. कंदच वेगळा करून लावा.

हवा शुद्ध होईल म्हणून घेत असाल तर तो हिशेब सोडून द्या. नासाचा १९८९ चा गाजलेला प्रयोग बंद पेटीत झाला होता. खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दोन्ही उंचावर ठेवा, पानं चावली तर त्रास होतो.

माझं मत विचाराल तर घरी रोज कुणीतरी असतं, झारी हातात घ्यायला आवडतं, अशांनी मनीप्लांटच आणावा. फिरतीची नोकरी असेल किंवा घर दिवसभर बंद असेल, तर स्नेक प्लांट. घेताना बुंध्याशी बोटानं हलकेच दाबून बघा. मऊ लागला, तर दुसरी कुंडी मागा.