‘निकोस वेग’: जर्मनीला जायचंय? क्लासची फी भरण्याआधी हा फुकट कोर्स करून बघा

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआय केलेली जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलं एकच प्रश्न विचारतात: जर्मन शिकायला पुण्यात खोली घेऊन राहावंच लागतं का? पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तरी नाही. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा कोर्स संकेतस्थळावर आणि ॲपवर संपूर्ण मोफत आहे. तो ए-१, ए-२ आणि बी-१ या भाषाज्ञानाच्या पहिल्या तीन पातळ्या घेतो. आमच्या मते ऐकण्याच्या सरावासाठी याच्याइतकं चांगलं फुकट साधन दुसरं नाही. लिहिणं आणि बोलणं मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

निको नावाचा स्पॅनिश मुलगा जर्मनीत उतरतो आणि त्याची बॅग हरवते, इथून गोष्ट सुरू होते. प्रत्येक धड्यात दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, त्यावरचे प्रश्न, व्याकरण आणि शब्दसंग्रह असतो. समजावणं इंग्रजीतून मिळतं, मराठीतून नाही. गावाकडे नेट अडखळत असेल तर यूट्यूबवर एकेका पातळीचे सगळे भाग जोडलेला सलग चित्रपट आहे, तो आधी डाउनलोड करून ठेवा.

धडा नुसता बघून पुढे सरकलात तर हाती काही लागत नाही. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून ऐका. दुसऱ्यांदा जर्मन सबटायटल लावा, इंग्रजी नको. तिसऱ्यांदा एकेक वाक्य थांबवून पात्राच्याच वेगात म्हणा. मग पाच वाक्यं ऐकून वहीत उतरवा आणि संवादाच्या छापील मजकुराशी ताडून बघा. एका धड्याला पाऊण ते एक तास लागतो. रोज एवढा वेळ दिला तर ए-१ ला तीन-चार महिने धरून चला.

उच्चार देवनागरीत लिहून पाठ करायची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा. ‘उ’च्या डोक्यावर दोन टिंबं असलेला स्वर आपल्या लिपीत नाही. तो काढायला ओठ ‘उ’साठी करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायची. टिंबवाल्या ‘ओ’साठी ओठ ‘ओ’चे, आतून ‘ए’. मोबाइलवर ही अक्षरं साधं अक्षर दाबून धरलं की मिळतात. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं. देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांच्या हातून नेमकं तेच सुटतं आणि लेखनात गुण जातात.

इंग्रजीतून शिकवणाऱ्या या कोर्सला एक गोष्ट साधत नाही, ती मराठी मुलांनी स्वतः करावी: मराठीचा आधार घ्यावा. आपल्याकडे तो-ती-ते आहे, त्यामुळे जर्मन नामाआधी येणाऱ्या देर-दी-दास या आर्टिकलमधलं तिसरं लिंग ऐकून दचकायचं कारण नाही. फक्त लिंगं जुळतीलच असं नाही. पुस्तक दोन्हीकडे नपुंसक, पण सूर्य आपल्याकडे तो आणि जर्मनमध्ये ती. म्हणून वहीत तीन लिंगांसाठी तीन रंगांची शाई वापरा, आणि आर्टिकलशिवाय एकही नाम लिहू नका. आकडे तर आपल्याच वळणाचे आहेत. पंचवीसमध्ये आधी पाच, मग वीस, फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश तसंच. इंग्रजीवरून भाषांतर करणारा इथे अडतो, मराठीवरून जाणारा अडत नाही. ‘वाइल इश क्रांक बिन’, कारण मी आजारी आहे: क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. साध्या वाक्यात मात्र ते दुसऱ्या जागेवरच हवं, आणि मराठी सवयीने ते शेवटी जाऊन बसतं. सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची. ‘हाल्प झीबेन’ म्हणजे साडेसात नव्हे, साडेसहा. ड्यूटीला तासभर उशीर व्हायला एवढं पुरे.

आता उणिवा. तुमचं पत्र तपासून देणारं इथे कोणी नाही. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत ६० मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात: दोन साधारण ८० शब्दांचे आणि एक ४० शब्दांचा. तोंडी परीक्षा बहुधा जोडीने होते. जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं, मग एका विषयावर बोलायचं, मग प्रश्नोत्तरं. गोष्ट बघून हे जमत नाही. ए-२ संपत आलं की लेखन तपासणारा शिक्षक शोधा. पैसे खर्च करायची खरी जागा हीच. भुसावळ किंवा चोपड्यातली दोन मुलं आठवड्यातून दोनदा फोनवर जर्मनमध्ये बोलून ते रेकॉर्ड करतील, तरी मोठं काम होईल.

दुसरी उणीव नर्सिंगवाल्यांना जास्त जाणवेल. कोर्स बी-१ ला थांबतो आणि परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ लागतं. पुढच्या टप्प्यासाठी डॉइचे वेलेच्याच हळू वाचलेल्या बातम्या मजकुरासह ऐका. ‘सहा महिन्यांत बी-२ची हमी’ असं सांगून सगळी फी आधी मागणाऱ्यांपासून दूर राहा. ए-१ ची फी भरायच्या आधी याच कोर्सचे वीस-पंचवीस धडे करून बघा. तेवढ्यात कळतं की रोज तासभर बसणं आपल्याला जमतंय का.

परीक्षेआधी ग्योथेच्या संकेतस्थळावरचे मोफत नमुना संच घड्याळ लावून सोडवा. बी-१ ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकी १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, म्हणून लेखन कच्चं असेल तर बाकीचे तीन भाग आधी उरकले तरी चालतात. पुण्याच्या माक्सम्युलर भवनात ग्योथेचं परीक्षा केंद्र आहे. भुसावळ-जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशीच पोहोचा, आणि अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून भरा.