दुकानाची पाटी: रंगवलेली, फ्लेक्सची की उठावाच्या अक्षरांची?

नवे दुकान थाटताना फर्निचर, माल आणि मुहूर्त यांतच सगळा वेळ जातो आणि पाटी मात्र उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवते. पाट्या वाचत बाजार हिंडणे हा माझा आवडता उद्योग असून ग्राफिक डिझाइन हा पोटापाण्याचा व्यवसायही आहे, त्यामुळे या शेवटच्या क्षणाच्या घाईची मला मनापासून चीड येते. जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात पेंटरने रंगवलेली पत्र्याची पाटी, फ्लेक्स आणि एसीपीवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थरांच्या फळीवर, बसवलेली ॲक्रिलिकची उठावाची अक्षरे असे तीन पर्याय मिळतात. त्यांतला एक निवडताना दर विचारण्याआधी दुकानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते पाहावे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेली पाटी दुपारपासून मावळतीपर्यंत उन्हात तापत राहते. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेले पीव्हीसी. उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते आणि शाईतले किरमिजी व पिवळे रंग निळ्याच्या आधी उडतात. हौसेने लाल-पिवळ्या रंगांत छापलेली पाटी पुढे फिकट निळसर दिसू लागते, ती त्यामुळेच. वळवाच्या वाऱ्यात फ्लेक्स बहुधा आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या कड्याच्या, भोकापासून फाटायला लागतो. उद्घाटनाचा फलक, दिवाळीची सवलत किंवा केळी वेफर्सचा हंगामी स्टॉल यांसाठी फ्लेक्सइतके स्वस्त आणि झटपट दुसरे काही नाही. कायमच्या नावासाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

हाताने रंगवलेल्या पाटीविषयी मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की पत्र्यावर शिरोरेषेची सरळ खूण उमटते. मग पेंटर डाव्या हातातल्या काठीवर उजवे मनगट टेकवून चपट्या ब्रशने अक्षरे सोडत जातो. ‘मुक्ताई’ हे नाव उदाहरणादाखल घेऊ. त्यात म-खालचा उकार खाली उतरतो, ‘ई’चा आकडा रेषेच्या वर चढतो आणि ‘क्त’ला रुंदी लागते. जागा कमी पडली तर चांगला पेंटर अक्षरांमधले अंतर आवळतो किंवा ‘क्त’ एकाखाली एक बांधतो. रेषेची जाडी तो बिघडू देत नाही. संगणकावर घाईने काम करणारा तेच नाव माउसने आडवे ताणतो, मग उभ्या दांड्या जाड होतात, शिरोरेषा बारीकच राहते आणि नाव दबून गेल्यासारखे दिसते. इनॅमल रंगही उन्हात निस्तेज होतो, हे खरे. पण फ्रेम न काढता त्याच पत्र्यावर पुन्हा हात फिरवता येतो. अडचण आहे ती चांगला पेंटर मिळण्याची. त्याची वाट पाहावी लागते, आणि रात्री पाटी दिसण्यासाठी वरून दिव्याची सोय वेगळी करावी लागते.

धुळ्याच्या आग्रा रोडसारख्या रस्त्यावर, जिथे संध्याकाळनंतरचे गिऱ्हाईक महत्त्वाचे असते, तिथे उजळणारी उठावाची अक्षरे सरस ठरतात. एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर. बाहेरच्या कामासाठी त्यावर पीव्हीडीएफचा, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारा, लेप असलेलाच माल मागावा. ॲक्रिलिक उन्हात बरेच वाढते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १ मीटर लांबीची पट्टी सुमारे २ मिलिमीटरने लांबते आणि ॲल्युमिनियम त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके. म्हणून लांबलचक शिरोरेषा एकसंध ठेवून स्क्रूने घट्ट आवळली तर ती वाकते किंवा तडकते. भोके थोडी मोठी पाडून रेषेला सरकायला जागा द्यावी, आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे उपकरण, बंद डब्यात न कोंडता सावलीत, हवा लागेल असा बसवावा. खर्च तिन्हींत सर्वाधिक, त्यामुळे अरुंद गल्लीतल्या छोट्या दुकानासाठी हा थाट मला अनावश्यक वाटतो.

अक्षरांच्या आकाराबाबत कायदाही लक्षात घ्यावा लागतो. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य अधिनियमातील २०२२ च्या सुधारणेनुसार लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी नाव आधी द्यावे लागते आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दहा फुटांच्या अंतराला एक इंच उंची, असा पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. देवनागरीत तो मात्रा-उकार सोडून केवळ अक्षराच्या मुख्य अंगाला लावावा, कारण ओळीची बरीच उंची वरखालच्या चिन्हांतच जाते.

उठावाच्या अक्षरांसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट मला फार आवडतो. त्याच्या जाड, गोलसर अंगात एलईडी नीट मावतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ छापील मेन्यूवर देखणा दिसतो, पण त्याच्या बारीक रेषा कापून उजळवणे अवघड आहे. फॉन्ट कोणताही घेतला तरी कापणीला देण्याआधी पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ आला आहे ना, हे पाहावे. अनेक फॉन्टमध्ये ही रूपे आत असतात, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत. मग नाव खऱ्या मापात साध्या कागदावर छापून दुकानावर चिकटवावे आणि रस्त्याच्या पलीकडून, भर दुपारी एकदा व दिवे लागल्यावर एकदा, वाचून पाहावे.