चार फुटी पंचिंग बॅग, रिकामी घेऊन घरी भरलेली : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

बॅगेची वरची एक पट्टी गेल्या महिन्यात उसवली. चारपैकी एक रिंग शिलाईसकट सुटून हातात आली आणि बॅग एका बाजूला कलून उरलेल्या तीन साखळ्यांवर लोंबकळत राहिली. लेक त्या वेळी गुडघे मारत होती. आणखी एक पट्टी गेली असती तर तीस किलो वजन थेट तिच्या पायावर आलं असतं.

कंपनीला फोटो पाठवले, बिल पाठवलं, वॉरंटीचं कार्ड पाठवलं. उत्तर आलं की वॉरंटी बॅगेच्या कापडाला आहे, टांगायच्या सामानाला नाही. पट्टी बॅगेलाच शिवलेली असताना ती टांगायचं सामान कशी, असं विचारल्यावर दुसऱ्याच माणसाचा फोन आला. ‘मॅडम, आत काय भरलंय?’ कापड भरलंय म्हणून सांगितलं. ‘किती किलो?’ तीसच्या आसपास. ‘मग बरोबर आहे, आमची बॅग पंचवीसपर्यंतच.’ हा पंचवीसचा आकडा वेबसाइटवर नाही, खोक्यावर नाही, कार्डावरही नाही. चार फुटी बॅग कापडाने नीट दाबून भरली की पंचवीस ते पस्तीस किलो होणारच. त्याहून हलकी हवी तर ती अर्धवट भरावी लागते आणि अर्धवट भरलेली बॅग काय कामाची? शेवटी त्यांनी पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मला सूट नको होती, चार बोटं रुंदीची एक पट्टी हवी होती.

याच रागात दोन स्टार देऊन टाकणार होते. पण बॅग घरात बरेच महिने आहे, रोज वापरात आहे आणि मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मापं, रंग, बरोबर काय काय येतं हे सगळ्यांना माहीत आहे. ती माहिती परत देत नाही.

आम्ही इचलकरंजीत राहतो. लेक बारावीला आहे, क्लासहून येताना अंधार पडतो. तिच्या कराटेच्या सरांनी वर्षभरापूर्वी बेल्टच्या परीक्षांबरोबर आठवड्यातून एक तास फक्त नि:शस्त्र स्वसंरक्षण शिकवायला सुरुवात केली. कोणी मनगट धरलं तर काय, केस धरले तर काय, भिंतीला रेटलं तर काय. तिथे शिकलेले फटके घरी पक्के करायला बॅग घेतली. शाळेत असताना मीही कराटे केलं होतं, त्यामुळे संध्याकाळी दहा मिनिटं मीही मारते.

आता भराव. या बॅगेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. बाकीचे रिव्ह्यू वाचले तर लोक रेक्झिन, झिप, रंग यांवर लिहितात. हात दुखतो तो मात्र आतल्या मालामुळे.

इचलकरंजीत राहून भरलेल्या बॅगेला जास्तीचे पैसे मोजणं मला पटणारं नव्हतं. मागाच्या गावात सुताचं वेस्ट आणि चिंध्या पोत्याने मिळतात. पहिल्यांदा सुताचंच वेस्ट भरून पाहिलं, कारण ते मऊ असतं. पहिला आठवडा छान गेला, मग बॅग खाली बसायला लागली. प्रत्येक फटक्याने आतला माल हलतो, बारीक गुंता खालच्या फटींत सरकतो, वरच्याचा भार खालच्यावर पडतो आणि तळ घट्ट होत जातो. महिनाभरात खालचा दीड फूट दगडासारखा झाला आणि वरचा भाग सैल पडून सुरकुतला. लेकीचं कोपर छातीच्या उंचीवर बसायचं तिथे माल नाही आणि गुडघा लागायचा तिथे नुसता ठणका. एकाच बॅगेत दोन बॅगा झाल्यासारखं.

मग सगळं उपसून बनियनच्या कापडाची कात्रण आणली. होजिअरीची लांब पट्टी एकमेकींत अडकून राहते, सुतासारखी घरंगळत नाही. बटणं, झिपा, हुक असलेलं एकही कापड आत जाऊ दिलं नाही. आतून एक जुनं ब्लँकेट गुंडाळून उभं केलं म्हणजे बाहेरून गाठी लागत नाहीत. मग अर्धा फूट भरायचं, धोपाटण्याने ठोकून बसवायचं, परत अर्धा फूट. दर फुटावर जुन्या गादीच्या फोमची गोल चकती कापून आडवी घातली. वरचा माल खाली उतरायला निघाला की या चकत्या त्याला अडवतात. हे केल्यापासून बॅग फारच कमी बसते. महिन्या-दोन महिन्यांनी वरून मूठभर मूठभर भरते, तेवढं पुरतं.

वाळूची पिशवी मध्ये घाला म्हणून सांगणारे खूप भेटतील. वजन झटपट वाढतं हे खरं, पण पिशवी कुठून तरी फुटते आणि वाळू तळाला जमते. गुडघा आणि नडगी मारणाऱ्याने वाळूच्या वाटेला जाऊच नये. वजनाचा अंदाज आपल्या वजनाच्या निम्मं असा धरतात, तो मुलींसाठी कापडातही सहज होतो.

पावसाळ्यात बॅग गच्चीत होती, पत्र्याखाली. पाणी लागलं नाही तरी आतून कुबट वास यायला लागला. सगळा माल काढून उन्हात घातला आणि परत भरताना थराथरांत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला. वास गेला. रेक्झिनचे पापुद्रे मात्र झिपेजवळ सुटायला लागले आहेत, तो दोष कंपनीचाच. आता बॅग आतल्या खोलीत बीमला आहे. पंख्याच्या हुकाला लटकवू नका, तो पंख्याचं वजन धरायला असतो, हिसके खायला नाही. बीममध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) आणि मध्ये एक स्प्रिंग घातली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार थांबली. तोवर आमचा प्रत्येक गुडघा त्यांच्या देवघरात ऐकू जायचा.

बरोबर आलेले ग्लोव्हज टाकाऊ आहेत. आत फोमचा पातळ थर आहे आणि अंगठा नीट बसत नाही. हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, १०८ इंची आहे, मनगट आणि बोटांमागची हाडं नीट बांधायला १८० इंची लागतो. पण ग्लोव्हज चांगले असते तरी मी लेकीला रोज ते घालून मारू दिलं नसतं, आणि इथे क्लासच्या पालकांशी माझा नेहमी वाद होतो. ग्लोव्हज आणि हँडरॅप बांधला की मनगट वाकडं असलं तरी ठोसा मारताना दुखत नाही, म्हणून जोर वाढत जातो. रस्त्यावर हाताला काही बांधलेलं नसतं. काही न बांधलेल्या मुठीने कवटीवर किंवा जबड्यावर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात ते यासाठीच. मुठीपेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग, कोपर आणि गुडघा यांवर सरांचा भर आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो. तळहाताचा फटका बॅगेवर उघड्या हाताने, आधी हळू, मग जोरात, असाच बसवायचा. या कामासाठी ही बॅग उत्तम आहे. भराव एकसारखा असेल तर हात योग्य बसला की आवाज घुमतो आणि चुकला की चापट वाजते. माझी लेक आता आवाजावरून स्वतःच सांगते की आई, हा नाही बसला.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं आणि शेवटी दोन स्टारच टाकले होते. मग बॅगेची तुटकी बाजू घेऊन चौकात चपला-बॅगा शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी शिलाई उलगडून पाहिली आणि म्हणाले, ‘ताई, ही मशीनची शिलाई हाय, पिशवीची. वजन धरायची न्हाई.’ त्यांनी पट्टीच्या आत जाड कॅनव्हासचा तुकडा घातला, मेणाच्या नायलॉन दोऱ्याने हाताने आडवी-उभी चौकोनात शिलाई मारली आणि मधून तिरकी फुली. न विचारता उरलेल्या तिन्ही पट्ट्यांनाही तेच केलं. चारही पट्ट्यांचे मिळून झाले ते कंपनीच्या कुरिअर परत पाठवायच्या खर्चाहून कमी. आता त्या रिंगेला मी स्वतः लटकून पाहिलंय, हलत नाही. बॅग तीच आहे, रेक्झिन तेच आहे, आणि मी तिला साडेतीन द्यायला तयार आहे. उरलेले दीड त्या पंचवीस किलोच्या लपवलेल्या आकड्याचे आणि पापुद्र्यांचे गेले. घेणाऱ्यांनी आल्या दिवशीच, रिकामी असताना, चारही पट्ट्या हाताने शिवून घ्याव्यात.

दुसरं बदललेलं मत बॅग कशासाठी आहे याबद्दलचं आहे. सुरुवातीला लेकीचे फटके भारी बसायला लागले तसं मला वाटायचं, झालं, आता निम्मी काळजी मिटली. मग क्लासमध्ये सरांनी एका दांडग्या मुलाला तिचं मनगट धरायला सांगितलं आणि खरंच सोडू नकोस म्हणून बजावलं. बॅगेवर घुमणारा तळहात तिथे उठलाच नाही, कारण तिचा तोल गेला होता. बॅग धरत नाही, ओढत नाही, पुढे येत नाही. हल्ला बहुतेक वेळा धरण्या-ओढण्यानेच सुरू होतो. ते समोरच्या जिवंत, विरोध करणाऱ्या माणसाबरोबरच शिकता येतं.

कुठली विद्या खरी उपयोगाची यावर मार्शल आर्टवाले तासन्‌तास भांडतात. मला आता शैलीचं नाव दुय्यम वाटतं. जूडोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जूडोचा गाभा रांदोरी ठेवला, म्हणजे समोरचा पूर्ण विरोध करतोय अशी मोकळी लढत. क्राव मागा ही इस्रायलची स्वसंरक्षणाची पद्धत बसवणारे इमी लिख्टेनफेल्ड आधी बॉक्सिंग आणि कुस्ती खेळत होते. आणि आमच्यापासून तासाभरावर कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं. तिथल्या तालमींत पोरगं पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या अंगाला भिडतं. खाशाबा जाधव त्याच मातीतून जाऊन १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले. धरलेला हात सोडवणं, तोल राखणं, पाठ भिंतीला लागू न देणं हे कुस्तीगीर रोज करतो. हे सगळं इतकी वर्षं मुलींच्या वाट्याला आलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता मुली मॅटवर दिसतात, आणि आपल्या गावात कुठे मुलींसाठी कुस्ती किंवा जूडो असेल तर बॅगेच्या आधी तिथे नाव घाला, असं मी आता सांगते.

मग बॅग काढून टाकली का? नाही. तिचं काम बदललं. पूर्वी लेक एका जागी उभी राहून दमेपर्यंत मारायची. आता सरांनी दिलेला क्रम करते. दोन्ही हात उघडे, तळवे पुढे, छातीच्या उंचीवर. बघणाऱ्याला वाटतं ही समजूत काढतेय, पण चेहरा झाकलेला असतो. ‘मागे हो!’ हे पोटातून, मोठ्याने. मग दोन तळहात, एक गुडघा, बाजूला सरकायचं आणि खोलीचं दार गाठायचं. दाराला हात लागला की एक फेरी संपली. दार गाठणं हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. समोरच्याकडे चाकू असेल तर मधले फटके गाळून नुसतं दारच. मोबाइल, पर्स काय मागेल ते दूर फेकायचं आणि उलट्या दिशेने पळायचं, मग ११२ ला फोन.

थांबणं शिकायचं कारण कायद्यातही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ पासून ४४ पर्यंत आहे, आणि ३७ व्या कलमात सांगितलंय की बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. माणूस खाली पडला, तुम्ही सुटलात, तरी मारत राहिलात तर हक्क तुमच्या बाजूने उभा राहील असं धरू नका. बॅगेवर वीस-वीस फटक्यांची सवय लागलेला हात वेळेवर थांबत नाही, म्हणून मी वीसचा सराव बंदच केला. दमवायला दोरीवरच्या उड्या आहेत.

बॅग नवी घेणार असाल तर रिकामीच घ्या, भरलेलीचं वजन आणि कुरिअर दोन्ही अंगावर येतं. विक्रेत्याला लेखी विचारा की पट्ट्या किती किलो धरतात, आणि उत्तर जपून ठेवा. तळाला एक रिंग असलेली मिळाली तर तीच घ्या, म्हणजे झुलणं आवरायला खाली बांधता येते. माझ्या बॅगेला ती नाही.

आमचे पुढचे पैसे हातात धरायच्या पॅडवर जाणार आहेत. धरणारा माणूस पुढे येतो, मागे हटतो, मध्येच खांदा मारतो, आणि लेकीला आता तेच हवंय. क्लासमधल्या चार घरांनी मिळून दोन जोड्या मागवायचं ठरवलंय. माल जालंधरचा की मेरठचा यावर अजून एकमत नाही, पण पट्ट्यांची शिलाई बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, एवढं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे.