फायनल फँटसी ६: जग मोडल्यानंतरचा खेळ

स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी ६’ हा गेम जपानमध्ये २ एप्रिल १९९४ रोजी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘फायनल फँटसी ३’ या नावाने विकला गेला, कारण मालिकेतील दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग तोवर जपानबाहेर पोचलेच नव्हते. २४ मेगाबिटच्या कार्ट्रिजमध्ये चौदा पात्रे, दोन जगे आणि एक ऑपेरा कसा मावला, याचे कौतुक खूप झाले आहे आणि ते रास्तही आहे. परंतु आज हा गेम पुन्हा खेळताना त्याचे खरे बळ मला उत्तरार्धात दिसते, जिथे तो स्वतःचेच जग मोडतो आणि मग कोणाला शोधायचे व कोणाला सोडून द्यायचे हे खेळणाऱ्याच्या हवाली करतो.

पूर्वार्धाची कथा ओळखीची आहे. जादू नाहीशी होऊन हजार वर्षे लोटली आहेत, एक साम्राज्य यंत्रांच्या जोरावर ती पुन्हा मिळवू पाहते आहे आणि जन्मतःच जादू अंगी असलेली टेरा ही मुलगी त्या साम्राज्याच्या तावडीतून सुटते. योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो या दोघा दिग्दर्शकांनी एकच नायक न ठेवता कथा या पात्राकडून त्या पात्राकडे नेली, आणि प्रत्येकाचा स्वभाव संवादांइतकाच लढाईतील आज्ञांमधूनही मांडला. राजवाडा सोडून डोंगरात मल्लविद्या शिकलेल्या सेबिनचे डाव बटणांच्या ठरावीक क्रमाने टाकावे लागतात, म्हणजे त्याची तालीम खेळणाऱ्यालाही करावी लागते. सायन या वृद्धत्वाकडे झुकलेल्या योद्ध्याची तलवार मात्र आकडा वर चढेपर्यंत वाट पाहायला लावते आणि तोवर शत्रू वार करत राहतात. जुगारी सेट्झरच्या हाती जुगाराच्या यंत्राची चक्रे आहेत, तर रानात वाढलेला गाऊ श्वापदांचे चाळे शिकून घेतो आणि एकदा तसा वागू लागला की कोणाचे ऐकत नाही. उमारो नावाचा हिममानव तर आज्ञा घेतच नाही. नियमांतून माणूस उभा करण्याची ही हातोटी नंतरच्या कितीतरी महागड्या गेमना साधलेली नाही.

ऑपेराच्या प्रसंगाचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. सेनापतीपद सोडून आलेली सेलीस एका गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते आणि पुढची ओळ कोणती हे खेळणाऱ्याने आठवून निवडायचे असते. आठ ध्वनिमार्ग आणि ६४ किलोबाइट स्मृती असलेल्या ध्वनिचिपमध्ये संगीतकार नोबुओ उएमात्सू यांना शब्द बसवता आले नाहीत, म्हणून गाणे एका अस्फुट, यांत्रिक स्वरात ऐकू येते आणि शब्द पडद्यावर उमटतात. त्या स्वरातच एक परकेपणा आहे, आणि गायिका नसताना गायला उभ्या राहिलेल्या सेलीसला तो शोभतो. मालिकेच्या या भागात नकाशावरील आणि लढाईतील आकृती एकाच मापाच्या केल्या होत्या, त्यामुळे मान खाली घालणे किंवा हात उंचावणे एवढ्यावरही अभिनय उभा राहतो. वर छतात वजन ढकलत बसलेला अल्ट्रॉस हा विनोदी अष्टपाद याच प्रसंगात आहे, हेही विसरता कामा नये. हा गेम गंभीर असतानाही फार वेळ तोंड पाडून बसत नाही.

यापुढे कथेचा मधला टप्पा उघड केल्याशिवाय इलाज नाही. केफ्का हा विदूषकी वेशातला खलनायक जिंकतो. तरंगत्या खंडावरून निसटताना घड्याळात जेमतेम पाच सेकंद उरेपर्यंत थांबले तरच शॅडो हा भाडोत्री मारेकरी वाचतो. आधीच उडी मारली तर तो कायमचा जातो आणि गेम त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. जग मोडल्यावर वर्षभराने सेलीस एका ओसाड बेटावर जागी होते. तिची शुश्रूषा करणारा सिड आता स्वतः आजारी आहे आणि त्याला मासे पकडून खाऊ घालायचे आहेत: चपळ मासे त्याची तब्येत सुधारतात, मंद मासे ती बिघडवतात. तो वाचतो किंवा मरतो, आणि दोन्ही वाटांनी कथा पुढे जाते. तो मेला तर सेलीस कड्यावरून स्वतःला झोकून देते. ती वाचते, पण १९९४ सालच्या कन्सोलवरील गेममध्ये हे दाखवले गेले याचे आजही आश्चर्य वाटते.

तेथून पुढे सक्ती जवळपास संपते. केफ्काच्या मनोऱ्यावर जाण्यासाठी सेलीस, सेबिनचा भाऊ एडगर आणि सेट्झर हे तिघे पुरेसे आहेत. बाकीचे सारे ऐच्छिक. टेरा एका उद्ध्वस्त गावात अनाथ मुलांना सांभाळत असते आणि लढायला नकार देते. तिला तिथेच राहू देऊनही गेम पूर्ण करता येतो. तरीही आपण एकेकाला शोधत फिरतो, आणि ते फिरणे आपल्या मनाने झालेले असल्यामुळे शेवटी जमलेल्या माणसांचे मोल वाढते.

दोषही लहान नाहीत. मॅजिसाइट या स्फटिकांमुळे जवळपास कोणालाही कोणतीही जादू शिकता येते, आणि पूर्वार्धात इतक्या कष्टाने वेगळी केलेली पात्रे शेवटाकडे तीच दोन-तीन अस्त्रे फेकू लागतात. मूळ कार्ट्रिजमध्ये तर वार चुकवण्याचा गुणांक कामच करत नव्हता. त्याचे काम जादू चुकवण्याच्या गुणांकावर चाले. अदृश्य केलेल्या शत्रूवर मृत्यूचा मंत्र टाकला की बहुतेक बलाढ्य प्रमुख शत्रूही एका फटक्यात संपत. दर काही पावलांवर येणाऱ्या लढाया आजच्या वाचकाला छळतील.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या फॅमिकॉम कन्सोलच्या नकलांच्या होत्या आणि त्यांवर मारिओ, कॉन्ट्रा असे झटपट संपणारे गेम असत. बॅटरीवर प्रगती जपणारे, वाचायला लावणारे हे दीर्घ गेम त्यांत क्वचितच आले. त्यामुळे अनेक मराठी वाचकांची या गेमशी गाठ आताच पडेल आणि त्यांनी २०२२ साली आलेली पिक्सेल रीमास्टर आवृत्ती घ्यावी. तिच्यात मूळ चुका दुरुस्त आहेत, चित्रे नेटकी आहेत आणि ब्लिट्झचे, म्हणजे सेबिनच्या डावांचे, क्रम पडद्यावर दिसतात. ऑपेरात मात्र खरे गायक आणले आहेत. गायन उत्तम असले तरी सेलीसचे बुजरेपण त्यात हरवते, असे माझे मत आहे. जमल्यास २०२३ ची कन्सोल आवृत्ती निवडावी, कारण तिच्यात मूळ संगीत, सुवाच्य अक्षरे आणि अचानक येणाऱ्या लढाया बंद करण्याची सोय आहे. ती सोय पूर्वार्धात वापरू नये, नाहीतर उत्तरार्धातील शत्रू जड जातील.