इंटरडेंटल ब्रश आणि वॉटर फ्लॉसर : पन्नाशीपुढच्या दोन तोंडांवर आठ महिने वापरून

निकाल आधीच सांगून टाकू. वय पन्नाशीपुढे असेल, हिरड्या थोड्याफार वर सरकल्या असतील आणि दोनातलं एकच घ्यायचं असेल, तर इंटरडेंटल ब्रशचं, म्हणजे दातांमधल्या फटीत घालायच्या बारीक तारेच्या ब्रशचं, पाकीट घ्या. वॉटर फ्लॉसर, म्हणजे फटींत पाण्याचा झोत मारणारं मशीन, काही ठरावीक तोंडांनाच उपयोगी आहे.

वापर असा झाला : जून ते जानेवारी, एकाच घरातली दोन तोंडं. एक 58 वर्षांचं, खालच्या डाव्या बाजूला तीन दातांचा ब्रिज (शेजारच्या दातांवर कायमचा बसवलेला कृत्रिम दात), रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू. दुसरं 74 वर्षांचं, वर तारांची अर्धवट कवळी, खालचे नऊ दात स्वतःचे, मधुमेह. पाणी सोसायटीचं, म्हणजे टँकर आणि बोअरवेलची मिसळ. सुरुवातीला दोघांचंही स्केलिंग, म्हणजे डेंटिस्टकडून दातांवरचं किटण काढणं, झालं होतं. त्यामुळे पडलेल्या फरकाचं सगळं श्रेय या दोन वस्तूंचं नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

दाढेला पाच बाजू असतात. गालाकडची, जिभेकडची आणि चावायची, या तीन बाजू साधा ब्रश घासतो. शेजारच्या दाताला लागून असलेल्या दोन बाजू तशाच राहतात. तरुणपणी दोन दातांमधला त्रिकोण हिरडीने भरलेला असतो, त्यामुळे तिथे फारसं काही शिरत नाही. हिरडी सरकली की तो त्रिकोण मोकळा होतो आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, नसतं. एनॅमल विरघळायला साधारण 5.5 पीएचइतकं आम्ल लागतं (पीएच जितका कमी तितकं आम्ल तीव्र), मुळाला 6 च्या थोडं वरचंही पुरतं. तरुणपणी कीड दाढेच्या खाचेत लागते, साठीनंतर ती फटीत, हिरडीच्या रेषेवर, मुळाला लागते ती यामुळे. तिथे ती दिसत नाही आणि बऱ्याचदा दुखतही नाही. कॅप निखळून हातात आली की कळतं.

त्यात औषधांची भर. रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य, वारंवार लघवी होणं यांवरच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते. आम्ल मारायचं काम लाळ करते, ती आटली की कीड वेगाने पसरते. आणि नेमकं तोंडाला कोरड पडते म्हणून लोक खडीसाखर, लिमलेटची गोळी किंवा साखर लावलेली बडीशेप दिवसभर चघळतात. याहून वाईट उपाय सापडणं कठीण. पाण्याचे घोट घ्या, नाहीतर बिनसाखरेचं च्युइंगम.

आता ब्रश. पहिला घोळ मापाचा. पाकिटांवर रंग असतात, पण एका कंपनीचा निळा तो दुसरीचा निळा नसतो. मिलिमीटरचा आकडाही फसवतो, कारण कोणी तारेची जाडी छापतं, तर कोणी ब्रश ज्या भोकातून जातो त्या भोकाचं माप. 0 ते 8 असा आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाचा, क्रमांक छापलेला असेल तर तोच धरा. एका तोंडाला एक माप पुरत नाही. 58 वर्षांच्या तोंडात पुढच्या खालच्या दातांना 0, दाढांना 2 आणि ब्रिजखाली 3 लागलं. पारख अशी : केस फटीत दोन्हीकडे टेकले पाहिजेत, तार दाताला घासता कामा नये. ब्रश सळकन जात असेल तर माप लहान आहे, ढकलावा लागत असेल तर मोठं. सगळ्यात लहान मापापासून सुरुवात करून एकेक पायरी वर जायचं. डेंटिस्टकडे बसल्या बसल्या मापं ठरवून घेतली तर चुकीच्या दोन पाकिटांचे पैसे वाचतात. आणि ज्या फटीत 0 सुद्धा जात नाही तिथे जबरदस्ती नको, ती जागा दातांच्या धाग्याची, म्हणजे फ्लॉसची.

पद्धत सोपी आहे, चुकते ती दाढेपाशी. लोक तोंड मोठ्ठं उघडतात. त्याने गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटा, गाल सैल पडतो. ब्रशची तार न वाकवता मानेकडचा प्लास्टिकचा भाग बोटाने हलकेच वाकवा, गालाकडून आडवा आत घाला, दोन-तीनदा मागेपुढे करा, बाहेर काढून पाण्याखाली धुवा, पुढची फट. आत असताना गोल फिरवायचा नाही. पेस्ट लावायची नाही, तिच्यातल्या खरखरीत कणांनी मूळ झिजतं. रात्री एकदा पुरे, आणि शक्यतो नेहमीच्या ब्रशच्या आधी, म्हणजे फ्लोराइडची पेस्ट मोकळ्या झालेल्या फटीत पोचते. पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नका, नाहीतर ती फ्लोराइडही वाहून जाते.

तुटण्याचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात पाच ब्रश मोडले. सगळे एकाच ठिकाणी, तार जिथे प्लास्टिकच्या मुठीत शिरते तिथे. कारणही एकच : तार तिरकी घालून आत गेल्यावर सरळ केली. दाढांसाठी एल आकाराचे, काटकोनात वळलेले ब्रश आणल्यापासून मोडणं जवळजवळ थांबलं. नीट वापरलेला एक ब्रश आठ-दहा दिवस टिकतो. केस एका बाजूला आडवे झाले किंवा तारेला मुरड पडली की टाका. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) असेल तर प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचाच घ्या, उघड्या तारेने इम्प्लांटच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात.

पहिले दहा-बारा दिवस रक्त येतं. हे घाबरून सोडण्याचं कारण नाही. तिथे सूज होती याचीच ती खूण, आणि रोज साफ केलं की साधारण दोन आठवड्यांत थांबतं. तीन आठवड्यांनंतरही एकाच फटीतून येत राहिलं तर तिथे हिरडीखाली किटण आहे किंवा कॅपची कड अडते आहे. ब्रशने ते सुटणार नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा : मिश्री लावणाऱ्यांच्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं, कारण निकोटिनने तिथला रक्तपुरवठा आटतो. घरातली एखादी आजी “मला कधी रक्त येत नाही” म्हणाली आणि तिच्या हातात मिश्रीची डबी असली, तर त्या वाक्याला काही अर्थ नाही.

आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते, “या ब्रशने फटी वाढल्या.” सुजलेली हिरडी ओसरली आणि फटीत बसलेलं किटण निघालं की मोकळी जागा दिसू लागते. ती आधीही होती, फक्त भरलेली होती. स्केलिंगने दात हलतात म्हणतात त्यातलाही हाच प्रकार. फटी खरोखर वाढवायच्या असतील तर त्यासाठी सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी आणि लाकडी दातकोरणं आहेतच. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिरडी मात्र फाटते.

ॲम्लोडिपिनबद्दल थोडं वेगळं. या गोळीने काही जणांच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात, आणि जिथे जंतूंचा चिकट थर साचतो तिथे जास्तच. 58 वर्षांच्या तोंडात ऑगस्टपर्यंत पुढच्या दातांमधले हिरडीचे फुगवटे स्पष्ट कमी झाले. पूर्ण गेले नाहीत. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. औषध देणाऱ्या डॉक्टरांना हिरड्या दाखवायच्या, गोळी बदलायची का ते तेच ठरवतील.

आता मशीन. पाण्याच्या झोताने दात साफ करायची ही युक्ती 1962 सालची, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स गावची. जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे इंजिनिअर यांनी ती बनवली. इथे वापरलेलं मशीन हातात धरायचं, बिनवायरचं, 300 मिली टाकीचं, तीन वेगांचं.

बेसिनवर वाका, नोझल, म्हणजे झोत सोडणारं टोक, तोंडात घाला, ओठ सैल मिटा आणि मगच बटण दाबा. उलट क्रम केलात तर आरसा, भिंत आणि सदरा धुऊन निघतो. पाणी कोमट. नोझल हिरडीच्या रेषेला काटकोनात, मागच्या दाढेपासून सुरुवात, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबायचं. पहिला आठवडा सर्वांत कमी वेगावर. 300 मिली पाणी मिनिटभरात संपतं, त्यात एक ओळ होते. दुसऱ्या ओळीसाठी पुन्हा भरा.

वरच्या ओळीतच या बिनवायरच्या मशीनची खोड आहे. टाकीतली नळी तळाशी लोंबकळते. वरच्या दाढांसाठी मशीन आडवं केलं आणि टाकीत तिसरा हिस्सा पाणी उरलं असलं, की नळी हवा ओढते आणि झोत फुसफुसत तुटतो. उपाय असा की पूर्ण टाकी आधी वरच्या दातांवर वापरायची. नळीच्या टोकाला वजन असेल तर ती पाण्यामागे सरकते, घेताना टाकी उघडून ते पाहा.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची. तिसऱ्या महिन्यात झोत अर्ध्यावर आला. नोझलच्या टोकाशी क्षाराचा पांढरा मणी जमला होता, साबुदाण्याच्या निम्मा. 300 मिली कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून अर्धं मशीनमधून सोडलं, वीस मिनिटं तसंच ठेवलं, उरलेलं सोडलं, मग दोन टाक्या साधं पाणी. झोत पूर्ववत. हे आता महिन्यातून एकदा. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरलं तर दोन-अडीच महिने निभावतं. मीठ घालू नका. मिठाच्या गुळण्या चांगल्या असल्या तरी पंपाच्या आत मीठ सुकून बसतं. वापर झाला की टाकी रिकामी करून उघडी ठेवा, नाहीतर आठवड्यात तळाला बुळबुळीत थर येतो आणि तोच तुम्ही दुसऱ्या दिवशी हिरडीत मारता. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण पाचव्या महिन्यात सैल झालं. बॅटरी सुरुवातीला पंधरा-सोळा दिवस जायची, आता दहा.

काम कसं? अडकलेलं अन्न काढण्यात मशीन ब्रशच्या पुढे आहे. गवारीचा दोरा, चिकनचा रेषा, डाळिंबाची बी, सेकंदात बाहेर. पण दाताला चिकटलेला पातळ थर झोताने पूर्ण निघत नाही, तो घासूनच निघतो. नखाने खरवडून पाहिलं तर मशीननंतरही फटीच्या कडेला पांढरट साय सापडते, ब्रशनंतर सापडत नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासते, तिच्या 2019 च्या आढाव्यातही साधारण हेच आहे : साध्या ब्रशला इंटरडेंटल ब्रशची किंवा धाग्याची जोड दिली तर हिरड्यांची सूज अधिक कमी होऊ शकते, पाण्याच्या झोताने थर कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. पुरावा भक्कम नाही, हेही त्यातच म्हटलं आहे.

म्हणून मशीन कोणाला? ब्रिजखाली ब्रश जात नसेल त्यांना. दात सरळ करायच्या तारा लावलेल्यांना, इम्प्लांटवाल्यांना. आणि ज्यांचे हात थरथरतात किंवा संधिवाताने बोटं वळत नाहीत त्यांना, कारण बारीक ब्रश चिमटीत धरणं त्यांना खरोखर जमत नाही. 74 वर्षांच्या तोंडासाठी रोजचा उपाय शेवटी मशीनच ठरला आणि ब्रश आठवड्यातून तीनदा दुसऱ्याने फिरवला. हृदयाची झडप बदललेली असेल तर मशीन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आकडे : स्केलिंगच्या वेळी डेंटिस्टने हिरडीच्या खाचा, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली, मोजल्या होत्या. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 च्या पुढे लक्ष द्यायचं. 58 वर्षांच्या तोंडात दोन दाढांपाशी 5 होतं, जानेवारीत एका ठिकाणी 4 आणि एका ठिकाणी 3. मधुमेहाच्या तोंडात एक 6 ची खाच 6 च राहिली. इतक्या खोल खाचेत ना ब्रश पोचतो ना झोत, तिथे हिरडीखालची सफाईच लागते. तुमचे आकडे मागून घ्या आणि औषधांच्या फायलीत ठेवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू व्हायचं असेल तर तीच फाईल घेऊन आधी डेंटिस्टकडे जा, कारण त्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

अर्धवट कवळीवाल्यांचे सगळ्यात आधी जातात ते तिच्या तारा ज्यांना अडकतात ते दात. तारेखाली थर साचतो आणि शेजारी दात नसल्याने तिथे फटीचा ब्रशही टेकत नाही. त्या मोकळ्या बाजूला ओल्या गॉजची बोटभर पट्टी बूट पुसल्यासारखी मागेपुढे ओढायची. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात. ती गरम पाण्यात वाकते आणि पेस्टने घासली तर तिच्यावर ओरखडे पडतात. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तर तुटणार नाही.

खर्चात गंमत आहे. ब्रश स्वस्त दिसतो, पण दोन मापं धरून माणशी महिन्याला सात-आठ, म्हणजे एक पाकीट तरी लागतं. पाकिटाला अडीचशे-तीनशे रुपये धरले तर वर्षाकाठी ब्रशचा खर्च अडीच-तीन हजारांच्या मशीनच्या पुढे जातो. तरीही वर्षभर सवय टिकवायची ती ब्रशचीच. मशीन घेणारच असाल तर एवढं बघा, की त्याच मॉडेलची नोझल सुटी मिळतात का. ती तीन ते सहा महिन्यांनी बदलायची असतात, प्रत्येकाची वेगळी असते, आणि इथे वापरलेल्या मशीनची सुटी नोझल सहाव्या महिन्यापासून कुठेच मिळालेली नाहीत.