टोचन गाडीला गॅसचे शॉकप: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या माझ्या टोचन गाडीच्या पुढच्या चाकांना बसवलेला गॅसचा शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) उत्तम आहे आणि त्याच्या खालच्या कडीतलं, म्हणजे बोल्ट जातो त्या गोल भागातलं, रबर बुश भिकार आहे. एवढ्या महाग मालाची अब्रू मूठभर रबरानं घालवावी याचा मला मनस्वी संताप आहे, आणि हे लिहायला बसलोय ते त्या संतापानंच.

गाडी टाटा १६१३, ४२ व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे ४.२ मीटर), हजार-वीस मापाचे टायर, मागे क्रेन बसवलेली. धुळ्याहून चारही बाजूंना जाते: शिरपूरच्या पुढे पळासनेर आणि बिजासन घाट, साक्रीकडून कोंडाईबारी, मालेगावच्या अंगाला लळिंग, आणि पारोळा-एरंडोलवरून जळगाव. फागणे ते तरसोद रस्त्याचं चौपदरीकरण किती वर्षं रेंगाळलं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या डायव्हर्जनांनीच माझे जुने तेलाचे शॉकप खाल्ले.

जुना शॉकप मेला हे कळलं कसं, ते सांगतो, कारण बरेच जण नुसतं तेल गळतंय का एवढंच बघतात. अंगावर थोडा ओलसरपणा आणि त्यावर धूळ चिकटलेली, एवढ्यानं शॉकप बाद होत नाही. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर गेला समजा. माझ्या गाडीला ओघळ नव्हता. पण पुढच्या टायरवरून तळहात फिरवला की उंच-सखल लागायचं, आणि मागे लोड टांगलेला असताना स्टेअरिंग हातात थरथरायचं. लळिंगचा उतार उतरून गाडी बाजूला लावली, दोन्ही शॉकपना हात लावून पाहिला. ड्रायव्हर बाजूचा चांगला तापलेला, क्लीनर बाजूचा गार. जो शॉकप काम करतो तो तापतो, कारण चाकाची उसळी तो तेलातून ढकलून उष्णतेत घालवतो. खराब रस्त्यावरून आल्यावरही गार असेल तर आत काही उरलेलं नाही. ही परीक्षा फुकट आहे. फक्त हात हळू लावा, चटका बसतो. बंपरवर उभं राहून गाडी दाबून पाहायची युक्ती कारला ठीक, १६ टनी गाडीच्या पाट्यांना (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) माणसाच्या वजनानं काही होत नाही.

आणखी एक गैरसमज दुकानात उभं राहिलं की रोज ऐकू येतो. गाडी पुढून बसली की लोक शॉकप मागतात. अहो, वजन पाटे धरतात. शॉकप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. गाडी बसली असेल तर पाटे काढून त्यांची कमान भरून (सपाट झालेला बाक परत आणून) घ्या, शॉकपवर पैसे घालवू नका.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, होते तसेच साधे तेलाचे. दुसरा, दोन नळ्यांचा, तेलावर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. यालाच दुकानात गॅसचा शॉकप म्हणतात. तिसरा, एकाच जाड नळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा. साध्या तेलाच्या शॉकपमध्ये खडबडीत रस्त्यावर तेल आणि हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला जोर नसतो. म्हणून दहा किलोमीटर खराब रस्ता झाला की गाडी उड्या मारायला लागते, आणि थांबून चहा घेतला की परत बरी वाटते. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. एक नळीवाला उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याच्या नळीला बाहेरून पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. आमच्या धंद्यात साखळ्या, हूक, उडालेले दगड हे रोजचं, शिवाय किंमत ऐकून मी लगेच नको म्हटलं. तेलाच्या जोडीच्या जवळपास दुप्पट पैसे मोजून दुसऱ्या प्रकारची जोडी घेतली. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी वॉरंटीचा वाद अजून मिटलेला नाही.

पावसाळ्याआधी या जोडीबद्दल वहीत लिहून ठेवलं होतं ते असं: "लोड असताना स्टेअरिंग जागेवर राहतं. कोंडाईबारी उतरताना पुढचा भाग डुलत नाही. मोकळी गाडी जरा कडक वाटते, पण चालेल. पैसे वसूल." यातला प्रत्येक शब्द तेव्हा खरा होता. मे महिन्याच्या उन्हात पत्रा हात लावू देत नव्हता, तरी शॉकपचा जोर संध्याकाळपर्यंत टिकून होता. जुने तेलाचे असते तर दुपारीच ढिले पडले असते.

मग पोळ्याच्या सुमारास खालून टक् टक् आवाज सुरू झाला. खड्ड्यात नाही, खड्ड्यातून बाहेर येताना. गतिरोधकावरून पुढचं चाक उतरलं की एक टक्. खाली वाकून बॅटरी मारली तर खालच्या कडीतलं रबर एका बाजूनं फाटून बाहेर आलेलं, दुसऱ्या बाजूला पातळ होऊन चकाकणारं, आणि मधली लोखंडी नळी कडीला घासून तिथं चंद्रकोरीसारखा खाडा पडलेला. दोन्ही बाजूंना तेच. शॉकपच्या दांड्यावर तेलाचा थेंब नाही, जोर पहिल्यासारखा. नवाकोरा शॉकप, आणि बुश पार चिंध्या.

दुकानात गेलो. बिल होतं, वॉरंटी कार्ड होतं. दुकानदार म्हणाला, "शेठ, टोचन गाडीला वॉरंटी बसत नाही." मी म्हटलं, कार्डावर टोचन हा शब्द दाखवा. त्यानं "मूळ वापराव्यतिरिक्त वापर" या ओळीवर बोट ठेवलं. अहो, विकताना गाडी तुमच्या दारात उभी होती, मागची क्रेन तुम्हाला दिसत नव्हती का? बरं, वॉरंटी राहू द्या, मला नुसते बुश द्या, पैसे घ्या. तर उत्तर आलं, बुश सुटा येत नाही, अख्खा शॉकपच घ्यावा लागेल. इथे माझं डोकं फिरलं. चहा-भजीच्या पैशात बनणारं रबर, आणि त्यासाठी चालू स्थितीतला शॉकप भंगारात टाकायचा? साध्या तेलाच्या शॉकपचे बुश आमच्या इकडच्या कुठल्याही दुकानात डब्यात भरून ठेवलेले असतात. महागडा माल घेणाऱ्यालाच ही शिक्षा का? कंपनीच्या माणसाला फोन केला, त्यानं फोटो मागितले, फोटो पाठवले, नंतर फोन उचलणं बंद.

शेवटी पारोळा रोडवरच्या एका जुन्या मेस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं दोन्ही शॉकप काढून हातानं ओढून-दाबून पाहिले आणि म्हणाला, "शॉकप चांगला शे, रबर मरी गयं." मग बोल्टकडे पाहून विचारलं, नट कसले तेव्हा गाडी जॅकवर होती की जमिनीवर? आधीच्या गॅरेजात जॅकवर होती, चाकं लटकलेली. "गाडी जमीनवर उभी करा, मंग नट कसा," तो म्हणाला. त्याचं कारण असं. असल्या बुशात रबर बाहेरच्या कडीला आणि आतल्या नळीला घट्ट धरून असतं. नट कसला की आतली नळी पक्की जखडते, आणि शॉकप हलतो तेव्हा रबर फक्त पिळवटतं. लटकत्या चाकावर नट कसला तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ उभ्या गाडीतही सुटत नाही. रात्रंदिवस पिळलेलं रबर किती दिवस टिकणार?

इथे माझं मत थोडं नरमलं. फाटायला अर्धं कारण बसवण्याची पद्धत होती. मेस्त्रीनं दुसऱ्या गाडीचे मापात बसणारे पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बुश शोधून शिकंज्यात दाबून बसवले आणि नट जमिनीवर उभ्या गाडीत कसले. पीयू रबरापेक्षा कडक असतं, हादरा थोडा जास्त देतं, कोरडं पडलं तर किरकिरतं, पण सहसा फाटत नाही.

आवाज गेला. पण भारी कंटेनर टांगला की तो टक् परत. मग मात्र मी मेस्त्रीला घेऊन मोजमापच केलं, आणि टोचन गाडीवाल्यांनी वाचावं असं खरं काही असेल तर ते हे.

आपण मागे हूकला वजन टांगतो तेव्हा मागचा अ‍ॅक्सल टेकू होतो आणि गाडीचं तोंड वर उचललं जातं. हूक मागच्या अ‍ॅक्सलपासून दोन मीटर मागे, टांगलेलं वजन तीन टन आणि व्हीलबेस सव्वाचार मीटर धरा: पुढच्या चाकांवरचं वजन जवळपास १.४ टनानं कमी होतं. म्हणून तर स्टेअरिंग हलकं लागतं. खात्री करायची असेल तर जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर जा, फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा मोकळी आणि एकदा लोड टांगून. वजन कमी झालं की पुढचे पाटे उघडतात आणि शॉकप लांबतो. माझ्या गाडीत लोड टांगल्यावर शॉकप पूर्ण उघडायला जेमतेम दोन बोटं जागा उरत होती. म्हणजे गतिरोधकावरून चाक खाली उतरलं की शॉकप आतून टोकाला आपटायचा आणि सगळा झटका खालच्या बुशला. माल वाहणाऱ्या गाडीत हे होत नाही, कारण तिथं वजन पाटे दाबतं, उघडत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अ‍ॅक्सल लोड वाढवलं, दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ वरून १८.५ टनांवर आणि तीन अ‍ॅक्सलची २५ वरून २८.५ टनांवर गेली. टोचनवर येणाऱ्या गाड्याही तेवढ्याच भारी झाल्या.

तेव्हा शॉकप घेताना दुकानदाराला नुसतं "१६१३ चा पुढचा" सांगू नका. कडीच्या मध्यापासून कडीच्या मध्यापर्यंत तीन मापं घ्या: मोकळी गाडी, हूकवर लोड, आणि चेसिस जॅकवर उचलून चाक पूर्ण लटकलेलं. शॉकपचं उघडं माप लोडच्या मापापेक्षा बऱ्यापैकी जास्त हवं. पण नुसता लांब शॉकप उचलून आणू नका. लांब शॉकप मिटल्यावरही लांबच राहतो. पाटा वर दबून त्याला थांबवणाऱ्या रबराच्या गुटक्याला टेकायच्या आधीच शॉकप मिटून संपला, तर दांडा वाकेल किंवा चेसिसवरचं ब्रॅकेट तुटेल. गुटका टेकल्यावर कड्यांमध्ये किती अंतर राहतं तेही मोजा, बंद माप त्याच्या आत बसायला हवं. आणि बदलायचे तर जोडीनंच. बसवण्याआधी दोन नळ्यांचा शॉकप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा-दाबा, आडवा पडून राहिलेल्या मालात हवा चुकीच्या नळीत शिरलेली असते.

मी सध्या काय केलंय: शॉकप तेच ठेवलेत, पीयू बुश घातलेत, आणि पुढच्या बंपरमागे जाड लोखंडी प्लेटांचं वजन बांधलंय. काट्यावर तपासून बांधलंय, मोकळ्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल हद्दीच्या आतच आहे. टक् बंद आहे. थंडीभर बिजासनला बऱ्याच वेळा जाऊन आलो, टायरचं उंच-सखल वाढलेलं नाही, मधल्या नळीला खेळ नाही. मोकळ्या गाडीतला कडकपणा आता खटकतो, वहीत "चालेल" लिहिलं होतं ते मागे घेतो. पीयूमुळे तो वाढलाय. वाटेत कंबर दुखते, पण घाटात लोड टांगलेला असताना जी पकड मिळते ती तेलाच्या शॉकपनं कधी दिली नाही, आणि त्यासाठी हे सोसायला मी तयार आहे.

पैशाचं एक राहिलं. मी घेतले तेव्हा स्पेअर पार्टवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय. जुनी किंमत छापलेला माल अजून दुकानांत असू शकतो, तेव्हा पक्कं बिल घ्या आणि कराचा आकडा वाचा.

पुढची जोडी घेताना ही मापं कागदावर लिहून दुकानदाराच्या हातात देणार आहे, आणि पहिला प्रश्न विचारणार आहे तो बुशचा. सुटा मिळत नसेल तर कितीही चांगला गॅस भरलेला असो, तो शॉकप माझ्या गाडीला लागणार नाही.