पोहण्याचा डायपर: वापरून टाकायचा की धुऊन वापरायचा?

नेहमीचा डायपर पाण्यात फुगून जड होतो, म्हणून तो बादच. पोहण्यासाठीचे दोन्ही प्रकार फक्त शी अडवतात, शू नाही. त्यामुळे घरून घालून निघू नका, पाण्यात उतरण्याआधी चढवा.

वापरून टाकायचा डायपर बाजूने फाडून काढता येतो. शी झाल्यावर तो पायांवरून ओढावा लागत नाही, हे सुख मोठंच! प्रवासात तोच बरा. धुऊन वापरायच्या कापडी डायपरची पकड सरस, पण माप अचूक हवं: मांडीशी फट राहिली तर गळती होते, वळ उठले तर एक माप मोठं घ्या. नियमित पोहायला नेणार असाल तर कापडीच.

दर अर्ध्या तासाने तपासा, पाण्यापासून दूर बदला. जुलाब असतील तर पोहणं रद्द. जंतू कोणताच डायपर रोखत नाही.